भाऊजींच्या छातीतला सिक्वेल

जगातली कुठलीही गोष्ट कधी संपते, यावर माझ्या मावसदिरांचा विश्वास नाही. सिनेमाच्या पडद्यावर नावं सरकायला लागतात, दुकानाचं शटर खाली येतं, माणूस जातो आणि त्याचं तेरावंही रीतसर पार पडतं. पण भाऊजींच्या लेखी हे सगळं अजून अर्ध्यावरच असतं. समोरच्याने कितीही ठासून पूर्णविराम दिला तरी ते मान जराशी पुढे काढतात, चष्मा नाकावर वर ढकलतात आणि विचारतात, "मग? पुढे?" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तो माझ्या लग्नात. माप ओलांडून, उखाणा घेऊन मी नुकतीच मोकळी झाले होते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मोठ्या कानांचा एक सडपातळ मुलगा म्हणाला, "वहिनी, छान होता. पण पुढे?" उखाण्याला पुढे काही नसतं हे त्याला पटवण्यात माझी सासरची पहिली संध्याकाळ गेली. त्याला ते पटलं नाही ते नाहीच.

ते माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. आम्ही अबुधाबीला खलिफा सिटीत राहतो. भाऊजी जबल अलीला कंपनीच्या खोलीत एकटे राहतात आणि शनिवार आला की बसमागून बस बदलत आमच्याकडे येतात. हातात मेथीच्या दोन जुड्या असतात, कारण खलिफा सिटीत मेथी मिळत नाही असा त्यांचा ठाम समज आहे. आमच्या इमारतीच्या खालीच वाण्याचं दुकान आहे आणि तिथे मेथी ढिगाने मिळते. पण हे त्यांना सांगायचं धाडस इतक्या वर्षांत मला झालेलं नाही. दार उघडल्यावर ते "कशा आहात?" वगैरे विचारत नाहीत. मागच्या शनिवारी बोलणं जिथे तुटलं असेल तिथेच ते गाठ मारतात. "मग? तो वॉशिंग मशीनवाला आला का? त्याच्या बायकोचा पाय प्लास्टरमधून निघाला?" मशीनवाल्याला बायको आहे हेच मला तेव्हा कळतं.

पोटापाण्यासाठी ते जे करतात त्याला त्यांच्या कार्डावर 'फॉलो-अप कोऑर्डिनेटर' म्हटलेलं आहे. त्यांची कंपनी पंपाचे सुटे भाग मागवते. ते भाग कुठे ना कुठे अडकतात. मग भाऊजींनी फोन करून, कुठे अडकले, का अडकले, कधी सुटतील, याचा पिच्छा पुरवायचा. देवाने माणूस आधी घडवला आणि मग त्याच्या मापाची नोकरी शिवली, असं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. त्यांचा फोन मी ऐकलेला आहे. "हबीबी, कंटेनर का बाद में बोलो. पहले ये बताओ, वो घुटने का क्या हुआ? पानी निकाला? फिर?" गुडघ्याची हकिकत सुखरूप बंदराला लागली की मग कंटेनर. त्यांच्या साहेबांनी एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आपण मालाचा फॉलो-अप करतो, गुडघ्यांचा नाही. भाऊजींनी पडत्या फळाची आज्ञा मानून आठवडाभर नुसते मालाचे फोन केले. त्या आठवड्यात कुणी त्यांचा फोन उचलला नाही. नंतर साहेबांनीच त्यांना गुडघ्यांची परवानगी दिली, आणि महिनाभराने भाऊजींनी साहेबांना विचारलं, "सर, तुमच्या सासऱ्यांचा जमिनीचा खटला होता, त्याचं पुढे काय झालं?" साहेब अर्धा तास बोलत होते म्हणे.

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे एक शिक्षाच असते. सगळं जग नायक-नायिकेचं लग्न झालं की खुशीत घरी जातं. भाऊजी खुर्चीला चिकटून बसतात. "लग्न झालं ते ठीक आहे हो," ते म्हणतात, "पण पहिल्या गाण्याआधी त्याने मित्राची मोटरसायकल मागून नेली होती. ती परत दिली का?" मराठी वर्तमानपत्र ते मोबाईलवर रोज वाचतात आणि रोज चिडतात. बातमीच्या शेवटी 'पोलीस पुढील तपास करीत आहेत' हे वाक्य आलं की त्यांचा पारा चढतो. "करीत आहेत म्हणे! मग केला का? केला तर काय सापडलं? हे कोण छापणार?" एकदा कुठल्याशा तालुक्यात कुणाची तरी म्हैस चोरीला गेल्याची बातमी वाचून त्यांनी जबल अलीहून थेट त्या पोलीस चौकीत फोन लावला. फोनला पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये गेले. हवालदाराला वाटलं की दुबईहून फोन आलाय म्हणजे प्रकरण फार वरपर्यंत गेलंय. म्हैस चार दिवसांत सापडली.

त्यांचं लग्न झालं नाही यात मला तरी नवल वाटत नाही. मुली पाहायला मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलेली आहे. पोहे आले, मुलगी आली, सगळं मनासारखं चाललं होतं. एवढ्यात मुलीचे वडील बोलण्याच्या ओघात म्हणाले की मागे एक डॉक्टर स्थळ आलं होतं, पण ते राहून गेलं. झालं! भाऊजींची मान पुढे आली. "राहून गेलं म्हणजे? कुणाकडून? मग त्या डॉक्टरांचं पुढे कुठे जमलं?" पुढची सगळी बैठक त्या डॉक्टरवर झाली. मुलीनेही हिरिरीने भाग घेतला. भाऊजींनी उत्साहाच्या भरात त्या डॉक्टरचा पत्ता काढला, तो अजून अविवाहित असल्याचं मुलीच्या घरी कळवलं, आणि सहा महिन्यांत त्या दोघांच्या लग्नाला जाऊन मसालेभात खाऊन आले. "मला कसं वाटलं माहितेय, वहिनी," ते मला म्हणाले, "ती गोष्ट त्यांची होती. मी मधेच कुठे घुसणार?"

'सिक्वेल' हा शब्द त्यांच्या आयुष्यात आणला तो माझ्या लेकीने. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि या व्यवस्थेत आमच्या दोघींचं उत्तम चाललेलं आहे. शाळेत असताना एका सिनेमासाठी तिने हट्ट धरला. भाऊजी म्हणाले, "अगं, हा तर आपण मागे पाहिला." ती म्हणाली, "नो काका, दिस इज द सिक्वेल." गोष्ट संपल्यावरच्या गोष्टीला जगात एक खास शब्द आहे, लोक त्यावर पैसे खर्च करतात, हे कळल्यावर भाऊजींचा चेहरा असा उजळला की आपल्या आजाराचं नाव कळलेल्या रोग्यासारखे ते दिसायला लागले.

मग त्या शब्दाच्या मागे लागणं आलंच. पुढच्या शनिवारी ते मेथी खाली ठेवायच्या आत सांगायला लागले. हा शब्द लॅटिन. मूळ धातूचा अर्थ मागोमाग जाणे, पाठोपाठ चालणे. सिक्वेन्स त्याचाच भाऊ, कॉन्सिक्वेन्स त्याचाच. पहिल्याच्या मागून येतो म्हणून दुसरा नंबर तो सेकंड, तोही त्याच घरातला. "आणि वहिनी, गंमत ऐका. संस्कृतात सच् धातू आहे, सोबत असणे. त्यावरून सचिव. म्हणजे सिक्वेल आणि सचिव हे चुलत चुलत भाऊ निघाले!" ही आनंदाची बातमी त्यांनी आमच्या मंडळाच्या गणपतीत, भर आरतीनंतर, मंडळाच्या सचिवांना दिली. सचिव आधीच प्रसाद कमी पडल्याच्या काळजीत होते. आपल्याला कुणीतरी दुसरा भाग म्हणालं एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि पुढचं वर्षभर ते भाऊजींशी बोलले नाहीत. भाऊजी मात्र दर कार्यक्रमात त्यांना गाठून विचारत, "मग? राग गेला का?"

मराठीत याला काय म्हणावं यावर त्यांनी आमचे कितीतरी शनिवार खाल्ले. उत्तरकथा हा शब्द त्यांना पसंत होता. त्यांनी तो माझ्या लेकीला ऐकवला. ती म्हणाली, "उत्तर? लाइक नॉर्थ? नॉर्थ स्टोरी?" नॉर्थ नव्हे, असं म्हणून ते समजावायला गेले तर ती म्हणाली, "देन आन्सर? आन्सर टू व्हॉट?" भाऊजी यावर इतके खूश झाले की त्यांनी तो शब्द तिथेच सोडून दिला. मंडळातल्या कुणी दुसरा भाग सुचवला, कुणी अनुकथा. माझा नवरा म्हणाला, सिक्वेललाच सिक्वेल म्हणा आणि जेवायला बसा. शेवटी एका शनिवारी बसमधून उतरल्या उतरल्या भाऊजींनी मला फोन केला. "वहिनी, सापडला! मराठीत सिक्वेलला शब्द आहे. आपण रोज वापरतो, पण तो प्रश्न आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. 'पुढे?' बस. हाच तो." मी म्हटलं, तो तर तुम्ही जन्मापासून वापरताय. यावर ते फोनवरच हसले. मग म्हणाले, "हो ना. पण मला तो कुणी शिकवला असेल?"

असे हे भाऊजी गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आले, मेथी दिली, सोफ्यावर बसले आणि काहीच बोलले नाहीत. त्याच्या आदल्या शनिवारी मी त्यांना सांगितलं होतं की शेजारच्या सीरियन बाईंची मांजर हरवलीय. एरवी लिफ्टमध्येच त्यांनी त्या बाईंना गाठून मांजरीचा तपास केला असता. मीच म्हटलं, "भाऊजी, मांजर मिळाली बरं का." ते म्हणाले, "अरे वा." आणि पुन्हा गप्प. 'पुढे?' नाही, 'कुठे मिळाली?' नाही. खरं सांगायचं तर आधी मला थोडा रागच आला. आपल्या बारीकसारीक गोष्टी कुणीतरी आठवड्याच्या आठवड्याला विचारतंय याची इतकी सवय झाली होती की ती मोडल्यावर अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी माझा स्टीलचा डबा परत आणला. हा डबा कधीकाळी लाडू घालून गेला होता आणि तो परत येईल अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. जाताना ते म्हणाले, "वहिनी, मंडळाच्या सचिवांना सांगा, तो विषय माझ्याकडून संपला." संपला हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, काय झालंय ते सांगितल्याशिवाय मी तुम्हाला बाहेर जाऊ देणार नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्या छातीत सिक्वेल निघालाय," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते तिथेच विरलं. झालं होतं ते असं. धुळीच्या वाऱ्यानंतर त्यांना खोकला लागला होता, तो जाईना म्हणून ते एका दवाखान्यात गेले. तिथे छातीचा फोटो काढला. त्याचा रिपोर्ट ईमेलवर आला. तो त्यांनी मोबाईलवर मला दाखवला. उजव्या बाजूला वरती कसलासा डाग, आणि त्यापुढे 'सिक्वेली ऑफ ओल्ड इन्फेक्शन'. "बघा," ते अगदी शांतपणे, वर्गात शिकवावं तसं सांगायला लागले, "सिक्वेली हे सिक्वेलाचं अनेकवचन. धातू तोच. ओल्ड इन्फेक्शन म्हणजे पहिला भाग. तो कधी येऊन गेला मला माहीत नाही. आता त्याचा दुसरा भाग येतोय. एक नाही, अनेक. शब्दात सगळं स्पष्ट आहे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

त्यांनी स्क्रीन अंगठ्याने खाली सरकवली. रिपोर्टच्या खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, फॉलो-अप. त्याला तीन आठवडे उलटून गेले होते. अवघ्या आखातातल्या गुडघ्यांचा पिच्छा पुरवणारा हा माणूस स्वतःच्या छातीचा निकाल ऐकायला गेलेला नव्हता. "व्हिसाचं रिन्यूअल तोंडावर आलंय," ते म्हणाले. "त्यातही क्षय आहे का बघायला छातीचा फोटो काढतात. डाग दिसला की काय होतं, याची कंपनीच्या बसमधल्या दर माणसाकडे वेगळी गोष्ट आहे. आमच्या बसमधला एक पोरगा म्हणतो, काका, डाग म्हणजे यल्ला, चलो, बॅग भरो. मी कंटेनरचे फोन करतो वहिनी, पलीकडचा माणूस नाही म्हणाला तरी मला काही वाटत नाही. हा फोन करवत नाही." मग म्हणाले, "नाही विचारलं तर निदान पुढे काय ते कळणार तरी नाही."

इतकं घाबरलेलं माणूस मी जवळून पाहिलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा सोफ्यावर बसवलं, चहा टाकला आणि रिपोर्टचा फोटो लेकीला पाठवला. ती आता रास अल खैमाला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिथेच हॉस्टेलवर राहते. चहा उकळायच्या आत तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"मम्मा, हू टोल्ड हिम दिस? ही इज रीडिंग इट लाइक अ मूव्ही पोस्टर!"

"अगं, काका इथेच ऐकतायत."

"गुड. काका, लिसन. सिक्वेली इज नॉट पार्ट टू. इट्स व्हॉट पार्ट वन लेफ्ट बिहाइंड. स्कार. व्रण. इट्स ओल्ड, व्हेरी ओल्ड. पण तुम्ही फॉलो-अपला जायचंच. दे विल आस्क, डिड यू हॅव समथिंग ॲज अ किड?"

भाऊजी फोनकडे बघत राहिले. तिने सबंध बोलण्यात मधेच 'व्रण' आणि 'पण तुम्ही जायचंच' एवढं मराठी घातलं होतं, आणि त्यांना दटावलं होतं ते त्याच मराठीत. ते पुटपुटले, "मागून येणारा. मी समजलो नंतर येणारा. तो पाठीमागून चालत आलेला निघाला. 'मागून'चे दोन अर्थ आहेत, वहिनी, आणि मी नेमका चुकीचा धरला." जीव टांगणीला लागलेला असताना व्युत्पत्ती दुरुस्त करणारा दुसरा माणूस निदान मला तरी माहीत नाही. पण लहानपणीच्या दुखण्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी त्यांना बरेच महिने मावशीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, सांगलीला ठेवलं होतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांचे आईवडील आता नाहीत. मग मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. मी रिपोर्टचं सांगितलं, डागाचं सांगितलं. त्या एकदम हसायलाच लागल्या.

"अगं बाई, तो डाग होय! तो आपल्या घरचाच आहे की. मी ओळखते त्याला."

आणि मग सगळं बाहेर आलं. भाऊजी सहा वर्षांचे असताना त्यांना जबरदस्त न्यूमोनिया झाला होता. घरात तान्हं बाळ, म्हणून बहिणीने मुलाला सासूबाईंकडे पाठवलं. खोकून खोकून पोरगं निळं पडायचं. डॉक्टर म्हणाले होते की छातीत व्रण राहील, पण मुलगा राहील. औषध कडू जहर. पोरगं दात घट्ट मिटून घ्यायचं. "मग मी काय करणार?" सासूबाई म्हणाल्या. "गोष्ट सांगायला घ्यायची. ऐन रंगात आली की थांबायचं. हा विचारणार, मावशी, पुढे? मी म्हणणार, आधी औषध घे, मग पुढे. रोज तेच. हिवाळाभर."

भाऊजींनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. "मावशी, न्हाव्याची गोष्ट होती. त्याची कात्री हरवली होती. तो गावोगाव फिरून विचारायचा, माझी कात्री पाहिली का? आणि प्रत्येक गावातला माणूस त्याला आधी स्वतःचीच हकिकत सांगायचा. मग बाबा मला न्यायला आले. मावशी, ती कात्री सापडली का गं?"

"कुठली कात्री?" सासूबाई म्हणाल्या. "मला मेलीला काय आठवतंय! रोज सुचेल ते ठोकून देत होते. तुझ्या पोटात औषध गेलं की माझी गोष्ट संपली."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. एका कात्रीसाठी हा माणूस आयुष्यभर दारोदार विचारत फिरला, आणि ती कुणी ठेवलेलीच नव्हती. पण भाऊजींनी फोन खाली ठेवला आणि छातीच्या उजव्या बाजूला, शर्टाच्या खिशाच्या पलीकडे, तळहात ठेवून बसून राहिले. "म्हणजे हा डाग," ते म्हणाले, "आणि तो शब्द एकाच हिवाळ्यातले." मग त्यांनी जेवायला काय आहे ते विचारलं आणि मेथीची भाजी तीनदा घेतली.

फॉलो-अपला मी त्यांच्याबरोबर गेले. जुन्या आजाराची हकिकत ऐकून डॉक्टरांनी पुन्हा एकदा फोटो काढला, थुंकी तपासली, आणि काही दिवसांनी बोलावून सांगितलं, जुना व्रण आहे, बाकी काही नाही, खलास. भाऊजींची मान सवयीने पुढे आली होती. ती त्यांनी मागे घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्णविराम मुकाट्याने स्वीकारला. व्हिसाही झाला. घरी येताना टॅक्सीत त्यांनी मला विचारलं, "मग? ती मांजर कुठे सापडली होती?" आणि मी तोंड खिडकीकडे वळवून डोळे पुसले.

इथवर सगळं गोड झालं. पण या वर्षभरात सासूबाईंची आठवण विझत चाललीय. जाऊबाई सांगतात, सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. माणसं ओळखतात, पण नावं घरंगळून जातात. त्याहून वाईट म्हणजे त्या गोळ्या घेत नाहीत. दात घट्ट मिटून घेतात. जाऊबाई रडकुंडीला आल्या होत्या. हे मी एका शनिवारी भाऊजींना सांगितलं. त्यांनी 'पुढे?' विचारलं नाही. सोमवारपासून रोज कंपनीच्या बसमधून त्यांचा सांगलीला फोन सुरू झाला.

दिवस कलताना बस जबल अलीला परत यायला निघते. बसमध्ये आपल्याकडचे बरेच जण असतात. कुणी चिपळूणकडचा, कुणी जतचा, साइटवरून दमून आलेले. भाऊजी खिडकीशी बसून मोठ्याने सांगतात, कारण मावशीला कमी ऐकू येतं. "एक न्हावी होता, त्याची कात्री हरवली." न्हावी वेशीवर पोचतो. तिथे एक कुंभार भेटतो. कुंभार आधी आपल्या गाढवाची हकिकत सांगतो. गोष्ट ऐन रंगात येते आणि भाऊजी थांबतात. सांगलीहून एक थरथरता आवाज येतो, "मग? पुढे?" भाऊजी म्हणतात, "आधी गोळी घे, मावशी. मग पुढे." जाऊबाई सांगतात की त्या लहान मुलीसारख्या आ करतात.

कालचं त्यांना आज आठवत नाही. त्यामुळे न्हावी रोज पुन्हा वेशीवर येतो, रोज कुंभार भेटतो. ज्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगितलेली सोसत नव्हती, तो रोज तीच सांगतो आणि रोज नव्याने थांबतो. मधे बसमधला तो यल्ला म्हणणारा पोरगा वैतागून म्हणाला म्हणे, "काका, खलास करो ना. एकदा मिळून जाऊ दे ती कात्री."

मागच्या शनिवारी लेक घरी आली होती. भाऊजींनी आमच्या बाल्कनीतून फोन लावला. विमानतळाकडे जाणारी विमानं डोक्यावरून जात होती आणि दर विमानागणिक न्हाव्याला वेशीवर थांबावं लागत होतं. लेक दारात उभी राहून ऐकत होती. गोळी झाली, सासूबाई झोपायला गेल्या, भाऊजींनी फोन खिशात टाकला. तेव्हा तिने हळूच विचारलं, "मग काका, पुढे? कात्री कुठे असते?"

इतक्या वर्षांत त्या मुलीने त्यांना मराठीत विचारलेला हा पहिला प्रश्न होता. एरवी भाऊजी त्यावर तासभर बोलले असते. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला माहितेय कुठे आहे ती," ते म्हणाले. "सापडवणं काही अवघड नाही. पण मावशी विचारतेय तोवर मी ती सापडू द्यायचा नाही."